मागच्या भिंतीखालचा गाजरांचा वाफा

नाही काकू, मला ते अजूनही पटलेलं नाही. त्या कागदावर तुम्ही तुमचं नाव लिहायला नको होतं. दोन वर्षं फोनवर आपलं हेच चाललंय. मी विषय काढतो, तुम्ही "जेवलास का?" विचारता आणि विषय तिथंच बुडतो. आज तुम्ही सगळ्यांसमोर बसलेल्या आहात, हातात पुष्पगुच्छ आहे, फोन ठेवायची सोय नाही. म्हणून मी आजचा दिवस धरला.

असो. आधी रीत. सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मुख्याध्यापक सर. व्यासपीठावरचे संस्थेचे पदाधिकारी आणि पाहुणे. गुरुजन, पालक, आणि या क्षणी एकमेकांना कोपर मारत बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो, तुम्हा सर्वांना माझा दुरून नमस्कार. मी या शाळेचा माजी विद्यार्थी. 'माजी' हा शब्द मला जरा सैल होतो, कारण मी नववीतूनच गेलो, तीही पुरती केली नाही. आता लांब परमुलखात जुन्या इमारती रंगवायचं काम करतो. रजा मिळाली नाही, म्हणून माझं भाषण माझी ताई वाचते आहे. ती सहा वर्षं याच शाळेच्या स्वयंपाकघरात काकूंच्या हाताखाली आहे आणि उद्यापासून ते स्वयंपाकघर तिच्याकडे येतंय. ताई, एकही ओळ गाळायची नाही. गाळलीस तर मला कळेल, भावजी शेवटच्या रांगेत बसलेत.

ज्यांना आज आपण निरोप देतोय त्यांना तुम्ही सगळे काकू म्हणता. आमच्या वेळी मुलं पाठीमागे धुवाकाकू म्हणायची. तुमची मुलंही म्हणत असतील, फक्त तुमच्यासमोर नाही. शाळेच्या बागेत पिकवायचं आणि तेच दुपारी ताटात वाढायचं, हे पाहुण्यांना फार गोड वाटतं. फोटोही छान येतात. पण बाग आणि ताट यांच्यामध्ये एक दार होतं आणि त्या दारात काकू उभ्या असायच्या. बागेतला बूट त्या दाराच्या आत कधी गेला नाही. भाजीचं क्रेट जमिनीला कधी टेकलं नाही.

"काकू, हात धुतले."
"कधी?"
"आत्ता."
"मग कोपरापर्यंत माती कशी? हात मनगटाला संपतो का तुझा?"

एकदा आमच्या वर्गातला ढोल्या पोट धरून टोमॅटो तोडायला आला. काकूंनी विचारलं, "बिघडलंय?" तो म्हणाला, "थोडंसं." काकू म्हणाल्या, "थोडंसं बिघडलेलं पोट अख्ख्या शाळेला पुरतं बाबा. आज तू फळाला हात लावायचा नाहीस. वाफ्यांच्या पाट्या रंगव." ढोल्याने रडत रडत 'टोमॅटो' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिला. ती पाटी अजून आहे म्हणे.

आम्ही हसायचो. शेणखत चार महिने कुजून, मुरून गेल्याशिवाय काकू वाफ्यातलं पानसुद्धा तोडू देत नसत, तर आम्ही म्हणायचो, यांना शेणाचासुद्धा वाढदिवस लक्षात असतो. मी सगळ्यात जास्त हसायचो. वर्गात बसवत नव्हतं मला. सर मला बाहेर काढायचे आणि मी थेट बागेत जायचो. त्यामुळे शिक्षा कोणाला झाली, हा प्रश्नच आहे.

आता मूळ गोष्ट.

आठवीनंतरच्या सुट्टीत शाळेने मला पहिलं काम दिलं. स्वयंपाकघराच्या मागची भिंत खरवडायची. हातात तारेचा ब्रश आणि पत्र्याची पट्टी. वरचा निळा रंग निघाला की खाली हिरवा, त्याच्या खाली पांढरा, तो तर सालीसारखा सुटायचा. मला फार मजा आली. भिंतीच्या पायथ्याशी वाफा होता, तिथं ऊन सगळ्यात चांगलं. काकू पोतं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे पोपडे वाफ्यात पडता कामा नयेत. खाली कापड अंथर, सगळं या पोत्यात भर आणि फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या पेटीत नेऊन टाक."

कापड मी एक दिवस अंथरलं. दुसऱ्या दिवशी ते वाऱ्याने उडालं, मी पुन्हा आणलं नाही. पोरं मैदानात थांबली होती, मला बॅट मिळणार होती. मी सगळे पोपडे वाफ्यात लोटले आणि कुदळीने माती वर-खाली केली. पाच मिनिटांत जमीन स्वच्छ. काकूंनी खिडकीतून विचारलं, "पोतं भरलंस?" मी म्हणालो, "हो, टाकूनपण आलो."

ताई, थांबू नकोस. वाच.

त्या वाफ्यात गाजरं लावली. सुंदर आली. जेवणात वाढली, प्रार्थनेनंतर माझ्यासाठी टाळ्या झाल्या. आयुष्यात शाळेकडून मला मिळालेल्या तेवढ्याच टाळ्या. मग मी नववी सोडून गेलो. गाजरं मात्र दर वर्षी त्याच वाफ्यात लागत राहिली. तीन वर्षं.

तिसऱ्या वर्षी मला इकडे रंगकाम मिळालं. पहिल्याच दिवशी मुकादमाने तोंडाला मास्क दिला, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं, कडा चिकटपट्टीने बंद केल्या. मी म्हणालो, एवढं काय? तो म्हणाला, जुन्या रंगात शिसं असतं, लहान मुलांच्या मेंदूला ते वाईट, मातीत पडलं तर आम्ही मातीच उचलून नेतो. मी हसत म्हणालो, "आम्ही तर असल्या मातीतली गाजरं खाल्लीत."

तो हसला नाही. त्याने विचारलं, "कोणी कोणी खाल्ली?"

मी जेवायच्या सुट्टीत शाळेत फोन लावला. सर, आपण फोन उचललात. विज्ञानात मला किती मार्क होते याची आठवण करून दिलीत. आठ. आकडा बरोबर होता. दुसऱ्या दिवशीही मी लावला, तेव्हा आपण मीटिंगमध्ये होतात. मग मी स्वयंपाकघराचा नंबर ताईकडून घेतला.

काकूंनी मार्क विचारले नाहीत. त्यांनी विचारलं, "भिंतीच्या कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंत? पावलं सांग." मग विचारलं, "आणि पोतं?"

मी म्हणालो, "काकू, पोतं रिकामंच होतं."

पलीकडे नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला. म्हणाल्या, "स्वयंपाकघरात आलेला प्रत्येक डबा मी उचलून बघते. ते पोतं मी उचलून बघितलं नाही." आणि मग: "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी संस्थेची तपासणी होती. पाहुण्यांच्या ताटात बागेतली गाजरं वाढायची ठरलं होतं, चाळीस किलो धुऊन, सोलून तयार होती. काकूंनी सगळी बांधून बाहेर काढली, खतातही जाऊ दिली नाहीत. पाहुण्यांना नुसता वरण-भात मिळाला. सर तेव्हा किती चिडले, ते ताईने मला सांगितलंय, मी इथं सांगत नाही. पण मातीत शिसं असल्याचा अहवाल आल्यावर सरांनी स्वतः मला फोन केला आणि त्या आठवड्यात मुलांचं रक्त तपासून घेतलं, हेही इथं सांगितलंच पाहिजे. सर, मी ते विसरलो नाही.

चार मुलांच्या रक्तातल्या शिशाचा आकडा थोडा वर होता. त्या चारांत माझा धाकटा भाऊ होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातांकडे बघून विचारलं, "बागेत काम करतोस? मग हात कोण धुवायला लावतं तुम्हाला?" शिसं गाजराच्या आतून जातं त्यापेक्षा जास्त जातं ते मातीतून, सालीवरून, न धुतलेल्या बोटांवरून. त्या म्हणाल्या, अशा मातीत तीन वर्षं वावरलेल्या मुलांचे आकडे याहून बरेच वर असते तर मला आश्चर्य वाटलं नसतं. तीन महिन्यांनी चौघांचेही खाली आले. आज माझा भाऊ सहावीत आहे आणि गणितात माझ्यापेक्षा बरा आहे. ते अवघड नाही, पण बरा आहे.

म्हणजे माझ्या चुकीच्या आणि माझ्या भावाच्या मध्ये कोण उभं होतं? ज्यांना आम्ही हसायचो त्या.

पुढचं तुमच्यापैकी अनेकांना अर्धंच माहीत आहे. संस्थेने विचारलं, जबाबदार कोण? काकूंनी लिहून दिलं: 'भिंतीचा कचरा उचलला गेला का, हे मी पाहिलं नाही. त्या वाफ्यातली भाजी तीन वर्षं मी आत घेतली. जबाबदारी माझी.' माझं नाव नाही, पोत्याचा शब्द नाही. संस्थेच्या पाचही शाळांची स्वयंपाकघरं त्यांच्याकडे जायची होती. ते राहिलं. गावात लोक म्हणाले, एवढं धुवा-धुवा करणाऱ्या बाई, आणि बघा. मी ताईकडून ऐकलं आणि फोनवर ओरडलो. काकू म्हणाल्या, "तू चौदा वर्षांचा होतास. तुझ्या हातात ब्रश आम्ही दिला. आणि दारातून जे आत आलं ते माझं."

काकू, दार तुमचं, कबूल. पण खोटं माझं होतं. मला सांगितलं होतं, मला पोतं दिलं होतं, विचारलंही होतं. मी 'हो' म्हणालो. आज हे इतक्या लोकांसमोर सांगतोय, कारण तुमच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत तुमच्या नावावर हा एकच डाग आहे आणि तो तुमचा नाही.

अध्यक्ष महोदय, एक विनंती. या भाषणाची एक प्रत काकूंच्या त्या कागदाला जोडावी. त्यांना आता बढती मिळणार नाही, मला माहीत आहे. कागद तरी खरा असू दे.

काकू, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे, ते मला शाळेने शिकवायच्या आत मी निघून गेलो. नववी अर्धवट सोडून गेलेल्या पोराचं तुम्ही खरं मानलंत. अख्ख्या जगात तेव्हा तुम्ही एकट्याच होतात. सरांचे, गुरुजनांचे, वाफे खणणाऱ्या मुलांचे आणि ज्या डॉक्टरीणबाईंनी हातांकडे बघितलं त्यांचेही आभार. ताई, तुझेही, इथपर्यंत वाचलंस म्हणून. माझं लिहिणं ओबडधोबड आहे. कुठं शुद्धलेखन चुकलं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, सरांना चिमटा जरा जास्त बसला असेल, तर पदरात घ्या.

आणि एक शेवटचं. तो वाफा दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. शाळेकडे पैसे नाहीत म्हणून ऐकलं, आणि काकू गेल्यावर कोणीतरी म्हणेल, आता काय, पावसाने सगळं वाहून गेलं असेल, लावून टाका. ताई, लावू द्यायचं नाहीस. आधी दीड हात माती उचलून न्यायची, खाली कापड घालून लाकडी चौकटीत नवी माती भरायची, ती तपासायची आणि अहवाल हातात आल्याशिवाय एकही गाजर दारातून आत घ्यायचं नाही. गाडीवाल्याशी, सुताराशी आणि प्रयोगशाळेशी मी फोनवर बोललोय. तिघांचं मिळून होतात एकतीस हजार पाचशे. आज सकाळी पाठवले.