सर्वानुमते शनिवार

हॅलो? … हॅलो, कांचन? शुभा बोलतेय. … फराळाचं राहू दे गं, नंतर बोलू. आधी हे सांग, तुमच्या मंडळाच्या कमिटीत हा उद्योग कुणाचा? ठरवून केलंय हे कुणीतरी. चुकून होण्यातलं नाहीच.

… तारीख गं, तारीख! दिवाळीच्या कार्यक्रमाची. अठरा नोव्हेंबर, दुपारी तीन ते सात. … हो, ईमेल आत्ता वाचली, म्हणून तर फोन केला.

… काय आहे त्या दिवशी? तू नोव्हायमध्येच राहतेस ना, कांचन? का रोज विमानानं येतेस सेक्रेटरीपद सांभाळायला? आपल्या मिशिगनची ओहायोशी फुटबॉल मॅच आहे! साडेतीनला!

… "दरवर्षी असतेच" काय! यंदा दोन्ही टीम एकही मॅच हरलेल्या नाहीत. ते एक नंबर, आपण दोन नंबर. काल डेंटिस्टनं माझ्या तोंडात हात घालून विचारलं, ओहायोचं काय होईल असं वाटतं? आ वासून पडलेली मी, काय बोलणार? … हसू नकोस.

… छे, मला कुठे कळतो हा अमेरिकन फुटबॉल! दर दोन मिनिटांनी सगळे अंगावर अंग टाकून पडतात, उठतात, परत घोळका करून मीटिंग घेतात. तुमच्या कमिटीसारखं. … लागलं तर लागू दे.

… पंचांग बघून? दिवाळी होऊन महिना लोटेल तोवर, आता कसलं पंचांग! … हां, म्हणजे शाळेचा हॉल रिकामा मिळाला. का मिळाला? अख्खं गाव टीव्हीसमोर बसणार म्हणून! आणि आधी अकरा तारीख होती ना? ती कुणी हलवली?

… "सर्वानुमते." हो, वाचलं मी. "तारीख सर्वानुमते बदलण्यात आली." बदलण्यात आली! जशी आपली आपणच बदलली. मंडळात कुणाला तोंड लपवायचं असलं की हाच शब्द पुढे. मला नाव सांग.

… चंद्रशेखर काका असणार. त्यांचा जावई ओहायोचा, लाल टोपी घालून फिरतो, मला आधीच संशय… नाही? बॉस्टनला होते? … मग मालिनी. तिच्या पोरींच्या डान्सची तयारी झाली नसेल. … तीपण नाही?

… अगं ऐक ना, ऐक. मॅचसाठी नाही भांडत मी. … सांगते. पण कुणाला बोलू नकोस. … तू बोलणारच, पण निदान मॅच होईपर्यंत थांब.

आमचा ईशान आणि रवींद्र, बापलेक, बोलत नाहीत एकमेकांशी. … भांडण नाही गं. भांडण परवडलं. "गाडीचं ऑइल बदललंस?" "येस." संपलं. ॲन आर्बरचं त्याचं कॉलेज इथून अर्ध्या तासावर, पण पोरगा महिनामहिना घरी फिरकत नाही. या मॅचला मात्र येतो. न चुकता. दोघं एकाच सोफ्यावर. रवींद्रचे ते पिवळे मोजे, भोक पडलंय तरी तेच. दोन हजार तीनला जिंकलो तेव्हा माझा शनिवारचा उपवास होता, खिचडी केली होती. तेव्हापासून दरवर्षी खिचडीच पाहिजे. … हरलो ना! पुढची दोन्ही वर्षं हरलो. तर म्हणे साबुदाणा नीट भिजला नव्हता. माझ्यावर!

… हो गं, हसायचंच ते. पण तेवढे चार तास माझ्या घरात दोन पुरुषांचे आवाज येतात. मांडीवर थापा मारतात एकमेकांच्या. एरवी फ्रिजचा आवाज ऐकत बसते मी.

आणि यंदा ईशानला बाबाला सांगायचंय. … इंजिनिअरिंग सोडतोय. शाळेत इतिहास शिकवायचाय त्याला. … हो, शाळेत. "आय कान्ट डू इट ऑन द फोन, आई," म्हणाला, "हाफटाइमला सांगतो." बाप तेव्हा खुशीत असतो. नसला तरी निदान जागेवर असतो.

… रवींद्रला? एवढंच बोलले मी की ईशानला तुझ्याशी काहीतरी बोलायचंय, मॅचच्या दिवशी. "हं" म्हणाला. अंदाज असणारच त्याला. पोरानं उन्हाळ्यात इंटर्नशिप नको म्हटलं तेव्हाच तोंड उतरलं होतं.

… कधी बोलले? दसऱ्याला. का गं? … तुमची मीटिंग कधी झाली? … पुढच्याच रविवारी?

… नाही नाही, रवींद्र नव्हता. कमिटीत आहे नावाला, पण त्या रविवारी प्लांटवर काम निघालं होतं. मला सांगून गेला ना. … होता?

… समोसे घेऊन आला होता?

थांब. … नाही, पाणी उकळू दे, तू थांब. आता सगळं नीट सांग. तो काय म्हणाला? शब्दन् शब्द. … अकराला जमणार नाही. … अठराला ठेवा, दिवसभर साउंड मी सांभाळतो, माईकवर मी स्वतः बसतो. … आणि तुम्ही लगेच हात वर केलेत! फुकटचा साउंडवाला मिळाला म्हणून! अगं, मॅच चालू असताना दारात पोलीस आला तरी हा माणूस उठायचा नाही. तो आपल्या तोंडानं अठरा म्हणतो, आणि एकालाही वाटलं नाही की ह्याला झालंय काय?

सर्वानुमते म्हणे. माझा नवरा म्हणजे सर्व!

… घाबरलाय? कुणाला? पोराला? … कांचन, घाबरलाय म्हणून काय… पोरगा नाही का घाबरलेला? तो तरी येतोय ना!

… एक मिनिट. तुझ्याकडे टीव्ही चालू आहे? … नाही? मॅचमधली शिट्टी वाजली आत्ता. फोनमध्येच वाजली. … परत वाजली. माझ्या घरातलीच आहे ही. ह्याच लाइनवरचा बेसमेंटमधला फोन उचललाय कुणीतरी. घरात आम्ही दोघंच आहोत.

कांचन, तू ठेव. … उद्या सांगीन. … ठेव म्हटलं ना!

… रवी.

… रवी, श्वास ऐकू येतोय मला. फोन ठेवू नकोस. ठेवलास तर जिना उतरून येईन मी, आणि मग कांचनलाच काय, सगळ्या नोव्हायला ऐकू जाईल.

… माईकवर कुणीही बसेल. त्या सोफ्यावर दुसरं कुणी बसून चालणार नाही. साडेतीनला पोरगा दारात येईल, तेव्हा तू कुठे असशील? … मान हलवलेली मला दिसत नाही, रवी. तोंडानं सांग. कुठे असशील?