मिठीला अकरा टेक

हॅलो?… हां वर्डी, बोल… नाही गं, सर्दी कसली? आवाज असाच आहे आज.

हो, झालं ना शूटिंग, काल झालं… कोर्टासमोर. अख्खा चौक साठ वर्षं मागे नेला होता. जुन्या मोटारी, जुनी दुकानं… हो, त्या पाट्यासुद्धा. गोऱ्यांचा नळ वेगळा, आपला काळ्यांचा वेगळा. तू तान्ही होतीस, तुला कुठल्या आठवायला! मी म्हटलंसुद्धा, एवढ्या कोऱ्या कशा? आमच्या वेळी गंजलेल्या होत्या.

मी? मतदार यादीत नाव नोंदवायच्या रांगेत. आपल्या आईसारखी हॅट घालून, ती तेव्हा उभी होती तशीच… अगं रडतेस काय, पुढचं ऐक. समोरच्या फुटपाथवर ओरडणाऱ्या गोऱ्या बायका. आणि त्यात कोण? विल्मा जीन!… किती विल्मा जीन ओळखतेस तू? माझी शेजारीण! कुंपणापलीकडची.

हो, मीही आधी हसलेच. त्या दिग्दर्शकाने आम्हाला कुंपणाशी गप्पा मारताना पाहिलं आणि म्हणाला, याच दोघी हव्यात. सिनेमात ती मला आधी शिव्या घालते, मग पस्तावते, मग मिठी मारते. मिठीवर गाणं, गाण्यावर लोकांचं रडणं… तेच ते. ठरलेलं.

अगं ऐक ना! तो म्हणाला, ओरडायचं काही लिहिलेलं नाही, तोंडाला येईल ते बोला. आणि ही बोलली… "आधी आमच्या घरची फरशी नीट पुसायला शीक, मग मत दे!"

…हो. हेच. त्या रांगेत आईला ऐकवलं होतं तेच, शब्दन् शब्द.

नाही, आईबद्दल तिला काही माहीत नाही. आई कुणाकुणाच्या फरश्या पुसायची ते मी कशाला सांगू तिला?… कुणी शिकवलं नव्हतं, वर्डी! एका टेकमध्ये ओके. टाळ्या पडल्या, टाळ्या!

विचारलं ना. म्हटलं, कुठून काढलंस हे? आधीच गोरी, त्यात पांढरीफटक पडली. म्हणे, "कुणास ठाऊक, ओझेला. तोंडात होतंच."

…आता याचं मी काय करू?

थांब, अजून आहे. दुपारी मिठी. पहिल्यांदा तिचा हात माझ्या हॅटला लागला. दुसऱ्यांदा माझं कोपर मध्ये आलं… मुद्दाम नाही गं, देवाशपथ! हात ठेवायचे कुठे तेच कळेना दोघींना. दिग्दर्शक ओरडतोय, "अहो, तुम्ही शेजारणी ना?" शिव्या एका फटक्यात आणि मिठीला अकरा टेक!

पाचव्या-सहाव्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही कधी मिठी मारलेलीच नाही. एकतीस वर्षांत! तिचा नवरा गेला, मी चिकन दिलं… कुंपणावरून. माझा गुडघा बदलला, तिने सूप दिलं… कुंपणावरून. भांडी येतात-जातात, आम्ही नाही… नाही, कधीच नाही. ती माझ्या घरात नाही, मी तिच्या नाही… तिने बोलावलं नाही म्हणून म्हणतेस? मग मी तरी कधी बोलावलं? तेच तर कळत नाहीये मला!

शेवटी ना… वैतागून त्याने कॅमेरा माझ्या मागे लावला. माझी पाठ दिसणार, तिचं रडणं दिसणार… हो गं, नेहमीचंच. नवीन काय त्यात! पण वर्डी, ती खरंच रडत होती. माझा कान ओला झाला. आणि मीही… ते काही दिसणार नाही, जाऊ दे. पण कशासाठी रडले? रागाने की तिच्यासाठी? सकाळपासून डोकं फिरलंय नुसतं.

संबंध तोडून टाक? तुझं बरं आहे, शिकागोत बसून! कपडे मला वाळत घालायचेत त्या कुंपणाशी.

आणि तिचं काचेचं भांडं इथे ओट्यावर. मागच्या रविवारी भट्टीत भाजलेलं गोड पीच कॉबलर दिलं होतं तिने. रिकामं भांडं परत करायचं नाही, आईची शिकवण… पण भरू कशाने? घासून पुसून ठेवलंय, आणि बघत बसलेय त्याच्याकडे.

थांब… कुणीतरी येतंय. फाटकातून… वर्डी, तीच आहे! कुंपणाशी नाही, दारात आलीय. ठेवू नकोस हं फोन.

…काय? भांडं न्यायला?

वर्डी, भांडं मागतेय. एकतीस वर्षांत कधी मागितलं नाही तिने… काय, देऊन टाकू? रिकामं? म्हणजे संपलंच की मग… गप्प बस जरा, सुचू दे मला.

विल्मा जीन… आहे ना, इथेच आहे. पण रिकामं नाही देणार मी… नाही म्हणजे नाही. मक्याचा ब्रेड लावते. ओव्हन तापायचाय अजून, पाऊण तास तरी जाईल… मग काय, दारातच उभी राहणार?… उघडंच आहे, ढकल… जोरात ढकल गं, अडकतं ते. तुला तरी कसं माहीत असणार म्हणा.

…वर्डी, आली गं ती आत. ठेवते.