सासऱ्यांची बंदूक आणि माझे दोन खिळे

...आणि वर पोलीस ठाण्यातले साहेब मलाच विचारतात, "ही ठाण्यापर्यंत आणलीत कशी?" अहो, कशी म्हणजे? खांद्यावर! चादरीत गुंडाळून! बंदूक जमा करा म्हणून तुम्हीच सांगणार, मग ती काय आपल्या पायांनी चालत येणार? पण नाही! परवान्याशिवाय घरात ठेवली तर गुन्हा, जमा करायला घेऊन निघालं तर रस्त्यात गुन्हा! मग माणसाने उभं राहायचं कुठे, उंबरठ्यावर? आणि तुम्हाला सांगतो, मला ती चालवायची नव्हती, विकायची नव्हती, कुणाला धाक घालायचा नव्हता... मला ती फक्त भिंतीवर टांगायची होती हो!

बंदूक सासऱ्यांची. एकनळी. सासरे म्हणजे देवमाणूस, पण जेवताना शिकारीच्या गप्पा सुरू झाल्या की आमटी गार होईपर्यंत रानडुक्कर काही पडायचं नाही, आणि दर खेपेला ते डुक्कर आधीपेक्षा मोठं झालेलं असायचं! शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाले, "जावईबापू, ही तुमच्याकडे. नीट सांभाळा." आता हा शब्द मोडवेल का कुणाला? मला तर नाही मोडवला. डोळे पुसले आणि दिवाणखान्यात दोन खिळे ठोकले. हे एवढाले! बायको म्हणाली, "अहो, बंदूक टांगताय की बैल?"

तर टांगणार तोच कळलं, की माणूस गेला की त्याचा परवानाही गेला. बंदूक तेवढी मागे राहते. म्हणून गेलो ठाण्यात. साहेब म्हणाले, "ती ठाण्यात ठेवा, तुमच्या नावाने नवा परवाना काढा. कारण काय लिहू? पिकाला जनावरांचा त्रास? नेमबाजी? जिवाला धोका?" म्हटलं, "साहेब, माझं चष्म्याचं दुकान आहे, माझ्या जिवावर कोण उठणार? भिंतीवर टांगायची आहे." साहेब म्हणाले, "हे कारण बसत नाही." बसत नाही! खिळे बसले, कारण बसत नाही!

मग डॉक्टरांकडे पाठवलं. "राग येतो का?" "नाही." "अजिबात?" "नाही हो." "कधीच?" "नाही म्हणून सांगतोय ना!" ...झालं, डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग हवालदार घरी चौकशीला. सोफ्यावर बसून सासूबाईंना विचारतात, "जावई कसे आहेत?" सासूबाई म्हणजे शांत बाई, चार शब्दांत विषय संपवणाऱ्या, पण त्या दिवशी कुठून पाझर फुटला देव जाणे! "स्वभावाने सोनं हो. फक्त दुकानाच्या किल्ल्या तेवढ्या फ्रिजमध्ये सापडतात." हवालदार म्हणाले, "हं." त्या एका 'हं'मध्ये गेला माझा परवाना! मी मागून ओरडतोय, "अहो, भिंतीवर टांगायची आहे, फ्रिजमध्ये नाही!"

पण साहेब माणूस चांगला. म्हणाले, "एक वाट आहे. आमच्या कारागिराकडून कायमची निकामी करून घ्या. मग ती शोभेची वस्तू. खुशाल टांगा." मी आणि सासूबाई गेलो. कारागिराने बंदूक उघडली, आत डोकावला, म्हणाला, "हिच्यात पिनच नाही. गोळी उडणार कशाने? बरीच वर्षं नसावी."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या छताकडे.

"आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षीच काढून ठेवली मी," म्हणाल्या. "बटणांच्या डब्यात आहे."

"आणि ती रानडुकरं?"

"मजेत असतील."

"बाबांना माहीत होतं?"

"एकदाच विचारलं त्यांनी, पिन कुठाय? म्हटलं, डब्यात. म्हणाले, बरं. फक्त कुणाला सांगू नकोस." आणि पदर डोळ्यांना लावला हो त्यांनी. मीही रुमाल काढला, खोटं कशाला बोलू? सरकारचं अख्खं खातं जे करायला बसलंय, ते या बाईने एका डब्यात करून टाकलं होतं!

म्हटलं, चला, निकामी आहेच, द्या दाखला! तर कारागीर म्हणतो, "दाखला नाही मिळणार. पिन माझ्यासमोर काढायची, असा नियम आहे. नाही ती काढू कशी? आधी बसवून आणा."

"बसवली की चालू होईल?"

"होईल की."

"मग चालू बंदुकीला..."

"परवाना लागेल."

तुम्हाला सांगतो, सासरे गेल्यापासून सासूबाई पहिल्यांदा हसल्या त्या तिथे. अशा हसल्या की कारागिराने पाणी आणून दिलं. मीही हसलो. काय करता? मला फक्त भिंतीवर टांगायची होती!

बंदूक आहे ठाण्यात, सरकार नीट सांभाळतंय, माझ्यापेक्षा नीटच! एका खिळ्यावर दुकानाच्या किल्ल्या, सासूबाईंचा तसा हुकूम आहे. दुसऱ्यावर सासऱ्यांचा फोटो, हातात ती बंदूक, चेहऱ्यावर हा एवढा रुबाब... आणि फोटोला परवाना लागत नाही. हसू नका, ठाण्यात जाऊन विचारून आलोय.