पाय कोरडे करून या

माहं माहेर पांढरकवड्याकडचं, जंगलाच्या काठाचं लहानसं गाव. काय सांगू बापू तुम्हाले, घरात सारी मातीची जमीन, अन् मायनं मले पहिलं काम शिकोलं ते सारवणं. माय म्हणे, डोळ्यानं नाही पाहायचं पोरी, हातानं पाहायचं, तळवा फिरला की जमीन आपणच सांगते कुठं फुगली, कुठं खचली. शाळा माही चौथीतच सुटली, पण हे शिक्षण पक्कं झालं. लग्न होऊन इकडं मारेगाव तालुक्यात आली तं सासू म्हणे, सूनबाईनं सारवलं की जमिनीवर दाणा टाका, घरंगळत नाही. तेवढंच माहं कौतुक झालं असंल जन्मात, म्हणून लक्षात राह्यलं.

मंग पोरगा गजानन कमावता झाला, घर पक्कं बांधलं, बैठकीत फरशी बसोली. अशी चकचकीत की वाकलं तं आपलंच तोंड दिसे. मी दोन्ही येळा पुसत जाओ. शेजारणी म्हणत, सुमनबाई, तुमच्या घरात पाय ठेवाले भेव वाटते. हसण्यावारी म्हणत होत्या त्या, पण भेव खरंच होतं त्या फरशीत, ते आमाले मागून समजलं.

याईले लकवा मारला. याईले म्हणजे आमच्या मालकाले. डावं अंग गेलं. हा माणूस कसा चालणारा होता तुम्हाले सांगतो, बैलबंडी असून बंडीत बसत नसे, बैलायच्या संगं पायी जाये वावरात, म्हणे बैल ओझं ओढते ते पुरे हाये, माहं कायले. असा माणूस खाटेवर. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, चालवा याले, बसून राहील तं बसूनच राहील. काठी घेऊन उभे होऊ लागले, चार पावलं टाकू लागले, अन् एक दिवस त्या चकचकीत फरशीवर पाय सटकला. हाड नाही मोडलं, देवाची दया. पण काहीतरी मोडलंच. त्या दिवसापासून पाय खाली ठेवला की अंग थरथर कापे, म्हणत, नाही, नाही, अन् परत आडवे होत. पडणं एकदाच झालं बापू, भेव मात्र घर करून बसलं.

माही पोरगी वर्षा नागपूरले एका हापिसात काम करते. त्या हापिसात जमीन नवी करून राह्यले होते अन् जुने कार्पेटचे तुकडे जिन्यात काढून ठेवले होते. चौकोनी तुकडे असतात, पाटाहून मोठे, वरून लव, खालून काळं, रबरासारखं जाड. त्यायले म्हणतात कार्पेटच्या टाईल. पोरगीनं सायबाले इचारलं, मी नेऊ का माह्या बापासाठी, ते म्हणाले ने बाप्पा, तेवढाच आमचा जिना मोकळा. खाटेपासून तं दारापर्यंत बसोले तिनं, कोपऱ्याकोपऱ्याले दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली. तुकड्याच्या मागं बाण असते, सारे बाण एकीकडं ठेवायचे म्हणजे लव एकीकडं झुकते. मले अक्षर कमी येते, बाण मात्र येते.

अन् हे उठले. लगेच नाही, पण उठले. पाय रुतते म्हणे, धरून ठेवते. काठी ठेवली की काठी सटकत नव्हती. हळूहळू दारापर्यंत जाऊ लागले, वट्ट्यावर बसून रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याले रामराम घालू लागले. म्हणून मी त्या तुकड्यायची निगा लेकरासारखी शिकली. झाडूनं धूळ उडते अन् परत तिथंच बसते, म्हणून जाड केसाचा ब्रश घ्यायचा, लव जिकडं झुकली तिकडंच फिरवायचा. कापसाच्या दिवसात मी वेचून आली की लुगड्याले कापूस चिकटलेला असते, तो त्या लवेत असा धसते की निघता निघत नाही, मंग तळवा जरासा ओला करून फिरवायचा, गोळा होऊन येते. याईच्या डाव्या हातात धड धरल्या जात नाही, चहा सांडते, तं घासायचं नाही, फडकं दाबून टिपायचं. तेल सांडलं तं ज्वारीचं पीठ टाकायचं, थोड्या येळानं झटकायचं. एखादा लयच खराब झाला तं तेवढा एकच उचलायचा, थोड्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा. चालण्यातले झिजले की खाटेखालचे तिकडं, तिकडचे इकडं. पण साऱ्यात मोठी गोष्ट म्हणजे कोपरा. कोपरा उचलला नाही पाहिजे. ज्याचा पाय घासत चालते त्याले उचललेला कोपरा म्हणजे खड्डा.

मंग आल्या आमच्या नणंदबाई. शेवंताबाई, बोरी अरब गावाले दिल्या हायेत, भावाहून मोठ्या, तोंडानं फटकळ पण भावावर जीव. दिवाळीच्या आधीच आल्या, म्हणे यंदा भाऊबीज इथंच करतो, त्याच्यानं तं काही माह्याकडं येणं होत नाही. आल्या आल्या जमीन पाह्यली अन् म्हणे, काहून व वयनी, या घरात जमिनीले पाणी लागत नाही का? दिवाळीच्या दिवसात लक्ष्मी या चिंध्यायवर पाय ठेवणार हाये? म्या म्हटलं, बाई, ह्या चिंध्या नाहीत, हे तुमच्या भावाचे पाय हायेत. तं म्हणे, पाय असो नाहीतं डोकं, आठवड्यात एक डाव पाणी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी वावरात वेचाले गेलती. परत येऊन पाह्यतो तं बैठकीचं तळं झालेलं. बाईनं लुगडं खोचलं, सोड्याचं पाणी बालट्या-बालट्यानं ओतलं, खराट्यानं घासलं, पाणी खाली शिरून पट्ट्या सुटल्या तसे तुकडे उपटून अंगणातल्या टिनाच्या पत्र्यावर वाळत घातले. हे खाटेवरून काठी आपटून राह्यले होते, पण बाईले वाटलं हा लहानपणापासून असाच चिडका हाये. मले म्हणे, पाह्य वयनी, किती मळ निघाला, आता ओवाळू द्या माह्या भावाले चोख जागेवर. चेहरा असा फुललेला त्या बाईचा, हात सोड्यानं लाल झालेले. काय बोलता तुम्ही अशा माणसाले?

संध्याकाळी टिनावरून काढले तं चारही कोपरे वर, वाळलेल्या पापडासारखे. दिवाळीच्या आधीचं ऊन कसं असते तुम्हाले माहीत हाये, त्यात टीन तापलेलं. बसवून पाह्यले तं कोपरा दाबला की बसे, हात काढला की उठे. हे खाटेवर बसून पाहत होते. काठीच्या टोकानं एक कोपरा दाबला, सोडला, तो परत उठला. मंग म्हणाले, झालं. अन् भिंतीकडं तोंड करून निजले.

वर्षाले फोन लावला. ती म्हणे आई, उलटे ठेव एकावर एक, अन् वजन दे, लय वजन दे. आता वजन कुठून आणता? घरात सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोते, भरून ठेवले होते. म्या शेजारच्या पोरायकडून ते तुकड्यायवर रचून घेतले. दोन दिवसानं गजानन बाहेरगावाहून आला, म्हणे आई, मार्केटले न्यायसाठी गाडी सांगून ठेवली, कट्टे काढ. म्या म्हटलं, नाही हालत कट्टे. तो म्हणे, अवं भाव चांगला हाये. म्या म्हटलं, बाप चालला पाहिजे का भाव चालला पाहिजे? अन् जाऊन कट्ट्यायवर बसलीच. गाडी रिकामी गेली. गावात बोभाटा झाला, सुमनबाईनं सोयाबीन दाबून ठेवलं, भाव वाढणार दिसते. दोघा-तिघायनं तं आपलाही माल थांबोला. मले येऊन हळूच इचारत, काय खबर हाये काकू? म्या म्हटलं, कोपरे बसू द्या, मंग सांगतो.

भाऊबीजेले पाट मांडला होता, पण हे उतरले नाही. बाईनं खाटेवरच ओवाळलं. दोघंही भाऊ-बहीण एकमेकाकडं पाहत नव्हते. मंग सयपाकघरात येऊन मले म्हणे, वयनी, म्या त्याचे पायच धुवून टाकले व. अन् तोंडात पदर कोंबला. म्या म्हटलं, बाई, अजून कट्टे हायेत त्यायवर, रडता कायले.

कट्टे काढले तं बरेचसे तुकडे बसले होते. जे हट्टी होते ते खाटेखाली अन् आलमारीखाली सारले, चांगले वाटेवर ठेवले, नव्या पट्ट्या लावल्या. पण याईचा पाय खाली उतरेना. म्हणे, दिसते सपाट, पण काय भरवसा. मंग मी गुडघ्यावर बसली, अन् खाटेपासून तळवा फिरवत निघाली, एकेक सांध्यावरून, एकेक कोपऱ्यावरून, दारापर्यंत गेली अन् फिरवत परत आली. हे पाहत होते. म्हणाले, सारवून राह्यली का व? म्या म्हटलं, हो, सारवलं. तसा त्याईनं पाय खाली ठेवला. नव्या नवरीसारखा हळू ठेवला, अन् मंग दुसरा. बाई दारात उभ्या होत्या, त्या रस्ता सोडून बाजूले झाल्या.

आताही रोज सकाळी चहाच्या आधी मी तेच करतो. गुडघे दुखतात, पण तळवा फिरवल्याशिवाय हे उठत नाही अन् मलेही चैन पडत नाही. यंदा दिवाळीले शेवंताबाई आल्या तं हे चालत दारापर्यंत गेलते घ्यायले. म्या रीतीनं पाय धुवाले पाणी दिलं. बाईनं वट्ट्यावर पाय धुतले, अन् मंग तिथंच बसून पदरानं एकेक बोट पुसलं, बोटाच्या मधातलंही पुसलं. तळवे वर करून भावाले दाखोले, म्हणे, पाह्य रे, झाले का कोरडे? याईनं खरंच वाकून पाह्यलं. म्हणाले, आता ये.

बस बापू, एवढंच माहं. तुम्हीही दारात पाय पुसून आले, म्या पाह्यलं. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यायचे पाय चालते राहो. घ्या, चहा घ्या. सांडला तं भेऊ नका, मी टिपून घेईन.