मनुबाईला खो

नाय नाय, उशीर कसला, ती तयारच हाय, आय तिची वेणी घालतेय फक्त — तुम्ही बसा दाजी. ती खुर्ची नको, तिचा मागचा पाय गेलाय, ती आम्ही नको असलेल्या पाहुण्यांसाठी ठेवलीय — मागच्या वर्षी आला असतात तर तुम्हालाच दिली असती — ही घ्या. चहा टाकलाय. इको गाडी कोणाची आणलीत, भावाची? बरं केलंत. तुम्ही चालवता तो ट्रेलर आणला असतात तर वळवायला खाडीत घालावा लागला असता. बॅग ती बघा, दाराशी, तिनंच भरलीय. माझा एक शर्ट पण भरलाय तिनं, का ते मी विचारलं नाय, तुम्ही पण विचारू नका. आता तुमच्या मनात काय चाललंय ते मला माहीत हाय. अमिषाताईच्या बाराव्याला मी सगळ्यांच्या देखत बोललेलो — ताई गेली, पण गावात शाळा हाय तोवर तिची पोर इथनं हलणार नाय. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. मग तुम्ही दुसरं लग्न केलंत, तेव्हा पण मी तेच बोललो, जरा मोठ्यानं. आणि परवा मीच फोन केला — भक्तीला घेऊन जा, शनिवारी सकाळी या. म्हणजे तुम्हाला वाटलं, शाळा बंद पडली. वाटणारच. सांगतो ना. वेळ हाय आपल्याकडं, आय एकदा घातलेली वेणी सोडून परत घालतेय, मी आत बघून आलो.

शाळेत ती एकटी हाय हे तुम्हाला माहीत हाय ना? एकटी म्हणजे एकटीच. गणपतीपर्यंत प्रणय होता पहिलीत, त्याच्या बापानं कामोठ्याला खोली घेतली, प्रणय गेला. बाकीची पोरं कधीच गेली, पनवेल, उलवं, कुठं कुठं — गावात आता म्हातारी माणसं, मी, आणि कुत्री. मी पण रात्रीपुरता, दिवसभर रिक्षा मांडव्याच्या जेट्टीवर. तर तिसरीत भक्ती, आणि शिकवायला किशोरी मॅडम, अलिबागवरनं स्कूटीनं येतात. चांगल्या हायत. एका पोरीची पण हजेरी घेतात — नाव घेतात, मग वर बघतात, मग ही हजर बोलते. एक दिवस ही गंमत म्हणून बोललीच नाय, तर मॅडमनी बाकाखाली वाकून बघितलं. पुस्तकात गटकार्य असतं, गट अ आणि गट ब — सकाळी ही गट अ, दुपारी ही गट ब. परीक्षेत पहिली येते. शेवटची पण तीच येते. मी तिला बोललो, बाय, घरी काय सांगायचं ते तू ठरव.

मग वरनं कागद आला. महिनाभर शाळेत रोज काहीतरी करायचं — वाचन, खेळ, बाजार, पालकांची सभा, आजी-आजोबांचा दिवस — आणि त्यात समाजाचा सहभाग पाहिजे, फोटो काढून पाठवायचे, आणि शेवटी साहेब येऊन बघणार, शाळा ठेवायची की खाडीपलीकडच्या शाळेत मिसळून टाकायची. मॅडमनी ते वाचलं आणि खडू खाली ठेवला. मी खिडकीत उभा होतो. मी बोललो, मॅडम, टेन्शन काय घेता, आपल्याकडं पोरं नायत, समाज फुल्ल हाय. संध्याकाळी रिक्षाला भोंगा लावला आणि गावात फिरलो — उद्यापासून शाळेत यायचं, खिचडी मिळेल. एवढंच बोललो, दाजी. त्यात खोटं काय नव्हतं. गावाला वाटलं सरकारची योजना हाय. सकाळी बघतो तर बुधाजीआबा पहिल्या बाकावर, मिठागर सोडल्यापासून हा माणूस कुठं वेळेवर गेला नाय, तो खाकी हाफ पॅन्ट घालून, हातात आधार कार्डाची झेरॉक्स. त्याच्या मागं नीराबाई, दोन फोटो घेऊन. मनुबाई — शाळेत खिचडी शिजवते ती — ती टोपावर झाकण ठेवून आत येऊन बसली, बोलली, मी रोज वाढते, मी का नाय शिकू. मॅडमनी हजेरी घेतली. बुधाजीआबा उभा राहून हजर बोलला आणि तसाच उभा राहिला. नाव झालं की परत बसायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं, कुठनं असणार, तो शाळेत आलाच पहिल्यांदा.

पालकांच्या सभेत मॅडमनी विचारलं, पालक कोण, तर सगळ्यांनी हात वर केले. मॅडमनी बारीकशी तक्रार सांगितली, भक्ती तासाला खिडकीबाहेर बघत बसते — तर एवढी माणसं एका पोरीला समजवायला लागली की दुसऱ्या दिवसापासून ती बिचारी खिडकीला पाठ करून बसायला लागली. बाजाराच्या दिवशी तिनं आमच्या मांडवावरचा एक दुधी विकायला ठेवला, आणि गावानं तो एकच दुधी दिवसभर एकमेकाला विकला. शेवटी आयनंच घेतला. रात्री आम्ही तो खाल्ला, हाताळून हाताळून मऊ झालेला. मग आजी-आजोबांचा दिवस. आता आय आमची धवलारीण, जन्मभर लोकांच्या लग्नांत गायली, तिला लग्नाशिवाय दुसरं गाणं येतच नाय. तिला उभी केली, तिनं हळदीपासून सुरुवात केली, थांबवणार कोण, दुपारपर्यंत ती नवरीला सासरी धाडायच्या गाण्यावर आली. सगळ्या बायकांचे पदर डोळ्याला. बुधाजीआबाला पदर नाय, त्यानं आधार कार्डाची झेरॉक्स घेतली. भक्ती मधी बसलीय, एकेकाचं तोंड बघतेय, आणि विचारते — आजी, पण चाललंय कोण? मनुबाईनं तिला जास्तीची खिचडी वाढली.

मग खेळाचा दिवस. खो-खो. कागदात लिहिलेलं, करायलाच पाहिजे. आठ जणं बसायला आणि एक धरायला, तेवढी जमवली आम्ही. बसायला सगळी पटापट बसली, बसायला काय. भक्ती पळणार — दुसरं कोण पळणार? मॅडमनी शिट्टी मारली. नीराबाई तिच्या मागं लागली — मागं म्हणजे त्याच दिशेनं — थोडी चालली, दमली, आणि तिनं मनुबाईला खो दिला. मनुबाई उठेना. गुडघा. ती बोलते, खो दिलास ना, आता उठव पण तूच. नीराबाई तर तिला ढकलून तिच्याच जागेवर बसायला बघतेय. सगळा खेळ थांबला. मी व्हिडिओ काढत होतो, मला हसायला येत होतं, मोबाइल हलत होता. तर भक्ती पळता पळता थांबली, परत आली, मनुबाईच्या काखेत हात घालून तिला उभी केली, तिच्या पदराची माती झटकली — आणि परत पळायला लागली. पुढचा खो बुधाजीआबाला, परत तेच. सगळा डाव तसा झाला, दाजी. जी पळतेय तीच धरणाऱ्यांना उठवतेय. आणि मधी मधी मागं वळून बघायची, कोण येतंय का. कोण येत नव्हतं. मग ती हळू पळायला लागली. मग चालायला लागली. शेवटी त्या खांबाला टेकून उभीच राहिली, घ्या बाबा, धरा — आणि मनुबाई येत पण होती तिच्याकडं, आलीच होती — तर तिला आठवलं, टोप चुलीवर हाय. ती तिकडं वळली. मी मोबाइल खिशात ठेवला.

घरी येताना रिक्षात ती पुढं बसते, माझ्या बाजूला. बंधाऱ्यावर आलो आणि बोलली,

"मामा, मला कोण धरतच नाय."

रडत नव्हती हां. भाजीत मीठ नाय असं सांगतात ना, तसं सांगितलं. मी बोललो, मी धरतो, पळ. रिक्षा तिथंच उभी केली. ती पळाली, मी दोन उड्यांत धरली, वर उचलली, ती हसली. मामाला बरं वाटावं म्हणून हसली. मला ते हसू ओळखता येतं, मी दिवसभर जेट्टीवर टुरिस्टांना तसंच हसतो. मोठ्या माणसानं धरलं तर ते धरणं नाय, दाजी. मोठा माणूस धरतो पण मुद्दाम आणि सोडतो पण मुद्दाम. दिवाळीत ती तुमच्याकडं राहिली, ढोपर फोडून आली, आठवतंय? आयनं शिव्या दिल्या, मी पण दिल्या फोनवर, तुम्ही ऐकून घेतल्यात. पण ती — ती ती खपली गावभर दाखवत फिरली. बिल्डिंगखाली पोरं असतात, एकीनं मला ढकललं, मी पण तिला ढकललं, असं सांगत. त्या ढकलणारीचं नाव तिला अजून पाठ हाय. आणि आयला हळद लावू देईना. आम्हाला वाटलं झोंबत असेल. झोंबत नव्हती. खपली जाईल म्हणून लावू देत नव्हती.

अलिबागच्या शाळेत घातली असती, बोलताय ना? ते मी डोक्यात दहादा करून बघितलं. मीच सोडली असती, मीच आणली असती. पण संध्याकाळी परत इकडंच ना? दिवेलागणीपर्यंत ती खेळणार कोणाशी, बुधाजीआबाशी? तो खेळतो, नाय असं नाय, भातुकलीत नवरा पण होतो, पण त्याला मधीच झोप लागते, मग ही एकटीच संसार करते. तुमच्या बायकोचं पण — केसरवैनीचं — मी भक्तीला खोदून खोदून विचारलं. ओरडते का, मारते का, कमी वाढते का. काहीतरी निघावं म्हणून विचारलं. निघालं काय, तर ती वरणात साखर घालते. दोन दिवस मी त्या साखरेवर अडून बसलो, वरणात साखर घालणाऱ्या घरात पोर कशी द्यायची. नाय पुरलं ते कारण.

शाळा? हां. शाळा बंद नाय झाली, दाजी. चालू हाय. साहेब आले, पटांगणात एवढी माणसं बघून त्यांना वाटलं मतदान चाललंय. बुधाजीआबानं फळ्यावर स्वतःचं नाव काढलं, अर्धं काढलं, बोलला बाकीचं उद्या. साहेब खुर्चीतनं उठून उभे राहिले. बोलले, असा सहभाग मी तालुक्यात कुठं बघितला नाय, ही एक पोर हाय तोवर या शाळेला कोण हात लावणार नाय. गावानं फटाक्यांची माळ लावली. मॅडम रडल्या. मनुबाईनं लाडू वाटले, मला दोन दिले, बोलली हा एक तुझ्या भोंग्याचा. तो लाडू हातात घेऊन मी देवळामागं गेलो आणि तुम्हाला फोन लावला. फोनवर मी खात नव्हतो, दाजी, आवाज तसा आला असेल तर ते — बरं, जाऊ दे.

ती गेली की शाळा गेली. मॅडमची बदली, मनुबाईची चूल बंद. गावात कोणाला सांगितलं नाय मी. लोकांना वाटतंय दाजी भेटायला आलेत. आयला काल सांगितलं — ती उठली आणि भक्तीच्या रिबिनी धुवायला बसली. आता पण सगळी तिकडं शाळेतच हायत. महिना संपला, मी सांगितलं त्यांना, भोंगा लावून सांगितलं, तरी येतात. मीच जातो आता. मॅडम नाव घेतील आणि वर बघतील. कोणीतरी सांगायला पाहिजे. काय सांगायचं ते रिक्षात ठरवतो.

एक काम करा माझं. तिकडं गेल्यावर ती खाली खेळायला जाईल. पहिल्या दिवशी घेतील न घेतील. पण कधीतरी घेतीलच, आणि कोण पोरगं पळून पळून तिला धरील, आणि ती तोंड पाडून वर येईल. तेव्हा मला फोन करा. तिला देऊ नका, तुम्हीच करा. धरली, एवढं बोला. मी ठेवून देईन.

आली बघा. तुमचा चहा राहिला — राहू दे, उठा. — काय नाय ग बाय, तुझ्या बापसाला शाळेचं सांगत होतो. बघू वेणी? मस्त. चप्पल उलटी घातलीस, असू दे, गाडीत बदल. नाय, मी नाय येत नाक्यापर्यंत, मला भाडं हाय, जेट्टीवर माणसं खोळंबलीत. खरंच हाय भाडं. चल, बस पुढं. — दाजी, शाळेवरनं नका जाऊ. बंधाऱ्यावरनं काढा गाडी, लांब पडेल. आणि हॉर्न वाजवू नका.