पाहुण्यांपुरती दिल्ली

हेमलता : अहो, माझं हवा शुद्ध करायचं मशीन माळ्यावर टाकलंत?

श्रीरंग : दोनच दिवस गं. तुझा दादा परत गेला की लगेच काढतो.

हेमलता : दिवाळी होऊन आठवडा झालाय. समोरची बिल्डिंग दिसत नाहीये. दोन दिवस मी श्वास कशानं घेऊ, तुमच्या सरकारी सर्क्युलरनं?

श्रीरंग : पंप आहे ना? तो ओढ. फक्त किचनमध्ये जाऊन ओढ.

हेमलता : म्हणजे दादाला दिसायला नको!

श्रीरंग : यार, समजून घे. मशीन दिसलं की नरसिंहराव सुरू होणार. मिरजेला चला, वरचा मजला रिकामाच आहे.

हेमलता : मग काय चुकलं त्याचं? मार्चमध्ये तुम्ही रिटायर. हे क्वार्टर जाणार. डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर सांगितलं, हिवाळ्यात हिला इथं ठेवू नका.

श्रीरंग : ते सगळ्यांनाच सांगतात. आपला नोएडाचा फ्लॅट बिल्कुल रेडी आहे. सतराव्या मजल्यावर हवा बेटर असते.

हेमलता : का, धुराला लिफ्ट लागते?

श्रीरंग : अच्छा, आणि मोठी हॉस्पिटलं? जगात नाव आहे या शहराचं!

हेमलता : मिरजेला हॉस्पिटलं सांगताय? निम्मा कर्नाटक औषधपाण्याला तिथं येतो!

श्रीरंग : पण मिरजेत मी कोण गं? भाजीची पिशवी घेऊन फिरणारा रिटायर्ड माणूस. आत्ता गेलो की निदान म्हणतात, दिल्लीचे साहेब आले.

हेमलता : ते तिकडं! इथं शेजारचे वर्मा वीस वर्षं तुम्हाला पांडेजी म्हणतायत. देशपांडे म्हणून सांगायचंही तुम्ही सोडून दिलंत. आणि या साहेबपणापायी मी माझी फुप्फुसं जाळायची? लाज वाटत नाही?

(दारावरची बेल वाजते.)

श्रीरंग : आले. हेमा, प्लीज. जरा हस.

नरसिंह : काय गं हेमा! काय झक्कास धुकं पडलंय! स्टेशनपासून रस्ता दिसेना. थंडी असावी तर अशी.

श्रीरंग : या, या नरसिंहराव! दिल्लीचा विंटर म्हणजे काय विचारता!

नरसिंह : डोळे तेवढे चुरचुरतायत. आणि हेमा, तुझा आवाज का असा बसलाय?

हेमलता : दादा, ते धुकं नाही. धूर आहे.

नरसिंह : हा सगळा? अगं, मग राहता कसे इथं?

श्रीरंग : सवय होते हो.

हेमलता : यांना झाली. मला दम लागतो, दादा. भिंत धरून चालते मी. तुझ्या परतीच्या गाडीला माझं तिकीट मिळतंय का बघ.

श्रीरंग : हेमा! पाहुण्यांसमोर काय हे?

हेमलता : पाहुणा नाही, भाऊ आहे माझा.

नरसिंह : चल की. घर तुझंच आहे.

श्रीरंग : आणि मी?

हेमलता : मार्चपर्यंत वेळ आहे तुम्हाला. यायचं असेल तर तुमची बॅग तुम्ही भरा.