न पाहिलेला बोलपट

मघापासून सगळ्या विचारताय ना, की तंबूत आलेला तो बोलपट अख्ख्या रत्नागिरीनं पाहिला, मग तूच कशी राहिलीस? राहिले खरी. का, ते आज सांगूनच टाकते.

आमचे हे मुंबईला पेढीवर नोकरीला. मी इथं मिरजोळ्याला सासूबाईंपाशी, भातशेती बघत. गेल्या शिमग्याला शेजारचे दत्तूभावजी मुंबईहून आले. अंगणातूनच म्हणाले, "काय वहिनी, मुंबईत ओळख दाखवायची नाही असं ठरवलंत होय?"

मी म्हटलं, "कधी हो?"

"तो नवा बोलपट बघायला दादांच्या शेजारी बसला होतात की. पाठमोऱ्या दिसलात. सुटल्यावर गर्दीत मी हाक मारली, तर वळूनही बघितलं नाहीत."

बोलपट हाच, तंबूत आलेला. आणि मी तर जन्मात मुंबईच्या बोटीत पाय ठेवलेला नव्हता. सासूबाई पडवीत बसून ऐकत होत्या. मी म्हटलं, "ऐकू आलं नसेल, भावजी."

दोन दिवसांनी हे आले. जेवायला वाढताना मी म्हटलं, "यंदा मलाही मुंबईला न्या. तो बोलपट बघायचाय."

"छे. तसल्या ठिकाणी घरंदाज बायका जात नाहीत."

"मग तुमच्या शेजारी बसली होती, ती कोण?"

ह्यांनी पानातला शेवटचा घास उचलला. बोलल्या त्या सासूबाई. म्हणाल्या, "सूनबाई, त्याच्या पानातला भात संपलाय. वाढ."

मी वाढला.